झाडूचा स्तंभालेख

गमरे सरांनी त्या वर्षी जूनमध्येच ठरवून टाकलं होतं. काय वाट्टेल ते होवो, भेदभावावरचा पाठ आपण घ्यायचा नाही. तसं त्यांनी बायकोला सांगितलंसुद्धा. दीपाली भाकऱ्या थापत होती. मागे वळून न बघता ती म्हणाली, "बघू."

आता सरांची बाजू ऐका, म्हणजे तुम्हालाही पटेल. राजेंद्र सखाराम गमरे, एम.एस्सी., बी.एड., विषय गणित. रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कातळात उभी असलेली शाळा, आणि तिथे एकवीस वर्षं नोकरी. दहावीचा गणिताचा निकाल सलग सहा वर्षं नव्वदच्या वर. पण नोव्हेंबर उजाडला, संविधान दिन जवळ आला, की नववीला 'विविधता आणि भेदभाव' हा पाठ घ्यायला कोण? गमरे सर. नागरिकशास्त्र शिकवतात लिमये बाई. पण त्या आठवड्यात बाईंचा घसा बसतो. दर वर्षी बसतो. चतुर्थीत आरत्या म्हणून बसत नाही, गॅदरिंगला ओरडून बसत नाही, बरोबर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसतो.

मुख्याध्यापक गोपाळकृष्ण मुळ्ये हा माणूस तसा गोड. कोणाला तोडून बोलणार नाही. पहिल्या वर्षी गमरे सर म्हणाले होते, "सर, माझा विषय गणित आहे."

मुळ्ये सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, ते आहेच. पण तुमच्या तोंडून ऐकलं की मुलांना खरं वाटतं."

अकरा वर्षं झाली त्याला. चौदा एप्रिलचं भाषण गमरेंचं, शिष्यवृत्तीचे फॉर्म गमरेंकडे, पाहुण्यांचं आडनाव जरा ओळखीचं वाटलं की गुच्छ गमरेंच्या हातात. सर घरी येऊन चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गुच्छ द्यायचे. माणूस चिडका, पण शाळेच्या फाटकाबाहेर.

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. पर्यवेक्षकाची जागा मे महिन्यात रिकामी झाली होती. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव गमरे, दुसरं लिमये. डिसेंबरात संस्थेची सभा, त्यात नेमणूक. यादी सरळ होती, पण स्टाफरूममध्ये चहा पिताना कोणीतरी म्हणालंच, "गमऱ्यांचं काय, त्यांना मिळणारच. त्यांच्यासाठी सगळी सोय असते." सोय! एकवीस वर्षं खडू खाल्ला त्याची ही किंमत. सरांना ते झोंबलं. त्यांना ती खुर्ची गणिताचा मास्तर म्हणून हवी होती. म्हणून हा पण : सभा होईपर्यंत आपण फक्त गणित. जातीचा, समतेचा, भेदभावाचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही.

नोव्हेंबर आला. लिमये बाई गळ्याला मफलर गुंडाळून आल्या. रत्नागिरीत, नोव्हेंबरात, मफलर.

"गमरे," मुळ्ये सर म्हणाले, "यंदा पाठाला जिल्ह्याहून अधिकारी बाई येतायत. म्हणजे तुम्हीच."

गमरे सर नाही म्हणणार होते. जीभ टाळ्याला लागलीही होती. पण अधिकारी येतायत, महिन्याने सभा आहे, आणि नकार दिला तर 'असहकार' असा शेरा पडायचा. तेवढ्यात त्यांना एक कल्पना सुचली आणि ती इतकी आवडली, की ते चक्क हसले.

"घेतो सर. पण गणितातून घेतो."

"म्हणजे कसं?"

"नववीला सांख्यिकी आहेच. मुलं माहिती गोळा करतील, स्तंभालेख काढतील. भाषण नाही, घोषणा नाही. नुसते आकडे."

"वा," मुळ्ये सर म्हणाले. "आकडे बरे. आकड्यांनी कोणाचं मन दुखत नाही."

बिचारे मुळ्ये सर. बिचारे गमरे सरही, पण त्यांच्याकडे मागाहून येऊ.

वर्गाचे चार गट पाडले. सर म्हणाले, "शाळेत नोंदी ठेवलेल्या असतात. कुठलीही एक वही घ्या. कोणतं काम कोणी किती वेळा केलं ते मोजा आणि वाडीनुसार स्तंभ काढा. वरचीवाडी, मधलीवाडी, बंदरवाडी, बौद्धवाडी. मोठे काढा, मागच्या बाकावरून दिसले पाहिजेत."

वाडीनुसार का, तर सगळ्यांना समजतं म्हणून. आपल्याकडे वाडी सांगितली की पुढचं काही विचारावं लागत नाही. सरांनी जातीचा शब्द काढला नाही तो नाहीच. पण शब्द असा दाराबाहेर ठेवून कुठे जातो? तो मागच्या पडवीतून आत येऊन बसला.

पहिल्या गटाने वाचनालयाची पुस्तकं घेतली, दुसऱ्याने झाडांना पाणी घालायची नोंद. तिसऱ्या गटाचा प्रमुख होता वरद. वरचीवाडीतला, आजोबा हापूसचे बागायतदार आणि संस्थेचे अध्यक्ष. त्याने स्वागतगीताची वही घेतली, कारण स्वागतगीतात पेटी तोच वाजवतो. चौथ्या गटाने घेतली स्वच्छता वही. त्या गटाची प्रमुख मनाली. ही मनाली गमरे सरांच्या शेजारची. घरी त्यांना राजूकाका म्हणते, शाळेत सर म्हणते आणि कधी चुकत नाही.

स्वच्छता वही म्हणजे काय ते सांगतो. शाळेचा शिपाई निवृत्त झाला त्याला चार वर्षं झाली. नवीन द्यायला सरकारला सवड नाही. तेव्हापासून शाळा मुलंच झाडतात. रोज दोघं. सकाळी नऊ वाजता पहिली एसटी येते, शाळा भरते साडेदहाला, तेवढ्या वेळात झाडून होतं. कोणी झाडलं ते वहीत लिहायचं, खाली शिक्षकाची सही. झालं.

पाठाच्या आदल्या दिवशी मनालीचा गट सरांकडे आला. "सर, कार्डशीट संपला."

"संपला म्हणजे?"

"स्तंभ मावत नाही."

जूनपासूनचे एकशे दहा दिवस, रोज दोघं, म्हणजे दोनशेवीस नोंदी. मधलीवाडी चार. बंदरवाडी वीस. वरचीवाडी शून्य. बौद्धवाडी एकशे शहाण्णव. पोरांनी एक सेंटिमीटरला दोन वेळा असं प्रमाण घेतलं होतं, त्यामुळे बौद्धवाडीचा स्तंभ झाला अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरचा. एक कार्डशीट संपवून तो दुसऱ्यावर गेला होता. शेजारी मधलीवाडीचा स्तंभ दोन सेंटिमीटर. साबणाची वडी आडवी ठेवावी तेवढा.

"शाळेत आपली मुलं किती गो?" सरांनी विचारलं.

"दोनशे चौदात एकतीस."

सर बराच वेळ त्या स्तंभाकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. अकरा वर्षं भाषणं करून जे सांगता आलं नाही, ते एका पोरीने निळ्या स्केचपेनने काढून दाखवलं होतं. आता मुळ्ये सर बघतील, अधिकारी बघतील, आणि आपण एक शब्दही बोललेलो नसू. स्वतःच्या हुशारीवर माणूस खूश झाला की त्याला समोरचं दिसत नाही. सरांना अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरचा स्तंभ दिसला, त्या वहीतलं बाकीचं काही दिसलं नाही.

दुपारी मुळ्ये सरांनी तक्ते बघितले. वाचनालय बघून मान डोलावली. पाणी घालणं बघून मान डोलावली. चौथ्या तक्त्यापाशी मान थांबली.

"गमरे, हे जरा मोठं झालंय."

"एकशे शहाण्णव आहेत सर."

"आकडा नाही म्हणत मी. उंची म्हणतोय. प्रमाण बदला ना. एक सेंटिमीटरला शंभर घ्या. दोन सेंटिमीटरात बसेल. किती सुबक दिसेल."

"मग मधलीवाडी दिसणारच नाही सर."

"नाही दिसली तर नाही. वरचीवाडीला काय करता येईल? शून्य बरं दिसत नाही."

"शून्य कुठल्याही प्रमाणात शून्यच राहतं सर."

मुळ्ये सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना सुचलं. "अहो, पण याला कारण आहे. बौद्धवाडीची मुलं पहिल्या एसटीने येतात. लवकर येतात म्हणून झाडतात. यात कोणाचा काय दोष? एसटीचं वेळापत्रक आहे हे."

गमरे सरांनाही ही चार वर्षं असंच वाटत होतं. तेही त्याच गाडीने यायचे. पण त्या दिवशी त्यांना ते कबूल करायचं नव्हतं. "उद्या मुलांनाच विचारू," ते म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. चाळिशीच्या, बोलायला सरळ, हातात वही. स्वागतगीत झालं, वरदने पेटी वाजवली. संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे वरदचे आजोबा, पहिल्या खुर्चीत. लिमये बाई मागे, मोबाईलवर चित्रीकरण करत होत्या. मफलर घरी विसरल्या होत्या, घसा मात्र बसलेलाच.

तीन तक्ते झाले. वरदने प्रामाणिकपणे सांगितलं, "स्वागतगीतात वरचीवाडी अठरा वेळा, मधलीवाडी चौदा, बंदरवाडी एक, बौद्धवाडी शून्य." अध्यक्षांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. मग मनालीने चौथा तक्ता उलगडला. तो फळ्यावर मावेना, तेव्हा दोघांनी बाकावर उभं राहून वरचं टोक धरलं. वर्गात एकजण फिसकन हसला आणि त्याचा त्यालाच पश्चात्ताप झाला.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे असं का?"

"एसटी, मॅडम," मुळ्ये सर उभे राहिले. "लवकरची एसटी. मुलं रिकामी बसू नयेत म्हणून."

"त्या गाडीने आणखी कोण येतं?"

हा प्रश्न मुळ्ये सरांना होता. पण मनालीने माहिती गोळा केली होती आणि गोळा केलेली माहिती सांगायची असते, असं तिला तिच्या गणिताच्या सरांनी शिकवलं होतं. "मॅडम, त्याच गाडीने मधलीवाडीची नऊ आणि वरचीवाडीच्या वरच्या अंगाची पाच मुलं येतात. ती स्वागतगीताची तालीम करतात."

"रोज?"

"पाहुणे असले तर गीताची. नसले तर नुसती बसतात."

गमरे सर खिडकीपाशी उभे होते. त्यांना छातीत हलकं वाटत होतं. अकरा वर्षांचं एकदाचं बाहेर येत होतं, आणि तेही पाठ्यक्रमात राहून. मुळ्ये सरांचा चेहरा त्यांनी डोळे भरून बघून घेतला. त्यांना वाटलं, पर्यवेक्षकपद मिळो न मिळो, हा दिवस मिळाला. मग लगेच वाटलं, पर्यवेक्षकपदही मिळालं पाहिजे.

"मग झाडू कोणी घ्यायचा हे ठरवतं कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

वरद जवळच होता. त्याला वाटलं प्रश्न गणिताचा आहे, उत्तर वहीत असणार. त्याने स्वच्छता वही उघडली. "मॅडम, खाली सही आहे. नियुक्ती करणारे शिक्षक, रा. स. गमरे." त्याने पान उलटलं. "इथेही रा. स. गमरे." आणखी एक पान उलटलं. पोरगा कामाला चोख. "सगळीकडे रा. स. गमरे."

सरांच्या कानात समुद्रासारखं काहीतरी वाजायला लागलं. खरंच की. पहिल्या गाडीने येणारे शिक्षक तेच, म्हणून सकाळची जबाबदारी त्यांची. आणि रोज सकाळी गाडीतून उतरलं की ते म्हणायचे, "मनाली, घे गो जरा. प्रथमेश, तू पण." आपली पोरं. हक्काची. त्यांच्या आईबापांना ओळखतो, वाईट वाटून घेणार नाहीत. वरचीवाडीच्या पोराला झाडू दिला तर दुसऱ्या दिवशी आजोबा ऑफिसात, मुळ्ये सरांचा हात खांद्यावर, "गमरे, जरा समजून घ्या." कोणाला सांगितलंय ते नसतं झेंगट. चार वर्षं त्यांनी असा विचारही केला नव्हता. विचार करायची गरजच पडली नव्हती, हेच वाईट होतं.

मनालीला कळलं काहीतरी बिघडलंय. ती घाईघाईने म्हणाली, "मॅडम, सर ओरडून नाही सांगत. मायेने सांगतात. आम्हालाच सांगतात, कारण आम्ही त्यांचे आहोत ना."

यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला आणि खुर्ची पुन्हा पुढे सरकवली. मुळ्ये सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "मॅडम, हे मलाही आजच कळतंय," ते दुःखाने म्हणाले. चार वर्षं रोज सकाळी ते त्याच झाडलेल्या व्हरांड्यातून ऑफिसात जात होते. झाडणारी मुलं त्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहत होती.

अधिकारी बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी अहवालात लिहिलं, 'पाठ उत्कृष्ट. विद्यार्थ्यांची मांडणी धाडसी.' आणि खाली लिहिलं, 'कामवाटपात भेदभाव दिसून आला. जबाबदारी निश्चित करून पंधरा दिवसांत कळवावे.' जबाबदारी निश्चित करायला मुळ्ये सरांना पंधरा मिनिटंही लागली नाहीत. संध्याकाळी गमरे सरांच्या हातात नोटीस होती. बौद्ध विद्यार्थ्यांशी भेदभाव केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याची कारणे दाखवा.

ते घरी आले तर मनाली पायरीवर बसलेली. रडून डोळे सुजले होते.

"काका, मी सांगायला नको होतं का?"

"जे मोजलंस ते सांगितलंस. बरोबर केलंस." मग सरांना राहवलं नाही. "तुला राग यायचा गो? झाडू दिला की?"

तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "पहिल्यांदा यायचा. मग वाटायचं, सरच देतात म्हणजे बरोबर असेल."

सर आत गेले आणि शर्टही न काढता तसेच पलंगावर बसून राहिले. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. नोटिशीची नाही. तिच्या त्या 'बरोबर असेल'ची.

आता चौकशी समिती. परिपत्रक काढून बघितलं. अध्यक्ष मुख्याध्यापक, एक महिला सदस्य, आणि एक सदस्य मागासवर्गीय शिक्षकांपैकी. महिला सदस्य लिमये बाई झाल्या. तिसऱ्या नावापाशी मुळ्ये सरांचं पेन अडलं. शाळेत असा शिक्षक एकच.

"सर, चौकशी माझीच आहे," गमरे सर म्हणाले.

"ते खरं. पण प्रतिनिधित्वाशिवाय समिती बसली तर ती बेकायदा. उद्या कोणी म्हणेल, तुमच्या माणसाला डावललं. मला ते चालायचं नाही."

आणि समिती बसली. टेबलाच्या एका बाजूला मुळ्ये सर, लिमये बाई आणि गमरे सर. समोर एक रिकामी खुर्ची. उत्तर द्यायची वेळ आली की सरांनी उठून त्या खुर्चीत जाऊन बसायचं, उत्तर दिलं की परत अलीकडे यायचं. पहिल्यांदा मुळ्ये सरच म्हणाले, "बसल्या जागेवरून बोललात तरी चालेल," पण लिमये बाईंना इतिवृत्तात गोंधळ नको होता. सर पाच वेळा उठले आणि पाच वेळा बसले.

शेवटी मुळ्ये सर म्हणाले, "सदस्य गमरे, तुम्हाला काही विचारायचंय?"

सर अलीकडच्या खुर्चीतून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "वरचीवाडीच्या मुलांना एकदाही झाडू का दिला नाहीत?" मग उठले, पलीकडे जाऊन बसले आणि म्हणाले, "भीती वाटली."

"कोणाची?" लिमये बाईंनी सवयीने विचारलं आणि लगेच मुळ्ये सरांकडे बघितलं.

गमरे सरही त्यांच्याकडेच बघत होते. पंखा गरगरत होता. मुळ्ये सरांनी आपल्या गोड आवाजात सांगितलं, "तो प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही. बाई, नजरचूक असं लिहा."

बाईंनी लिहिलं. ठरावही वाचला. आरोप सिद्ध. श्री. गमरे यांना लेखी समज देण्यात यावी. सेवापुस्तकात नोंद व्हावी. पर्यवेक्षकपदासाठी त्यांच्या नावाचा तूर्त विचार होऊ नये, यादीतील पुढील नावाचा व्हावा. यादीतलं पुढचं नाव वाचताना बाईंचा घसा अगदी मोकळा झाला होता.

"मतं घ्यायची," मुळ्ये सर म्हणाले. "माझं अनुकूल. बाईंचं अनुकूल. गमरे, तुमचं?"

सरांनी खूप विचार केला. प्रतिकूल म्हणावं, तर आपल्याच पोरांवर अन्याय झाला नाही असं लिहून द्यायचं. एकशे शहाण्णव वेळा झाला होता. मनालीने मोजला होता आणि ती मोजण्यात चुकत नाही.

बाहेर पडल्यावर दीपालीचा फोन आला. "काय झालं? पर्यवेक्षकाचं काय?"

"गेलं."

"कोणी घालवलं मेल्यांनी?"

"ठराव एकमताने झाला."

पलीकडून फोडणी जळत असल्यासारखा चरचर आवाज येत राहिला.

"अहो, एकमताने म्हणजे? समितीत तर तुम्हीपण होतात."

"होतो ना," गमरे सर म्हणाले. "आपला माणूस पाहिजेच, असा नियम आहे."